गाडीला कर्ज मिळतं, बिलाला मिळत नाही

(पोस्ट मोठी आहे. ट्रान्सपोर्टमध्ये असाल, किंवा घरातलं कुणी त्यात पडायच्या विचारात असेल, तर सवडीने वाचा.)

रविवारी ताईचा मुलगा घरी आला होता. डिप्लोमा झालाय, जानोरी रोडच्या एका गोडाउनला सुपरवायझर आहे. चहा संपायच्या आत त्याने मोबाइल माझ्यापुढे केला. "मामा, ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. हीच वेळ आहे." त्याचं म्हणणं खोटं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा कर खरंच उतरला आणि तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर शोरूमच्या जाहिराती फिरताहेत. अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे, फायनान्सवाले दोन दिवसांत फाइल पास करतो म्हणतात. डाउन पेमेंटसाठी ताई पाटल्या मोडायला तयार आहे. कंपनीचं नाव ठरलंय, लोगोसुद्धा बनवून ठेवलाय. नावाच्या शेवटी अर्थातच 'लॉजिस्टिक्स'. आमच्या वेळी 'रोडलाइन्स' असायचं, एवढाच फरक.

मी त्याला तेव्हा हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. कारण २०१९ साली मी हेच केलं होतं आणि २०२४ मध्ये शटर खाली ओढलं. त्या पाच वर्षांचा हिशोब मी कुणाला नीट सांगितलेला नाही. घरच्यांनाही नाही. तो आज इथे मांडतो.

वडील एचएएलमध्ये होते. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी कारखाना ओझरला आला आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांना महिन्याच्या पगाराची सवय लागली. पगाराच्या घरात वाढलेल्या माणसाला काम मिळणं अवघड वाटतं. काम केल्यावर पैसे मिळणं अवघड असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. माझं तेच झालं. अंबडच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं डिस्पॅच सांभाळलं. गाड्या लावायच्या, कागद करायचे, ड्रायव्हरला फोन करत राहायचं. मुंबईत जकात होती तेव्हा मुलुंडच्या नाक्यावर गाडी अडकली की रात्र जायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि नाके ओस पडले. जे सुधारलं ते सुधारलं म्हणायला पाहिजे. मला तेव्हा वाटलं, आता हा धंदा सरळ माणसाला करण्यासारखा झाला.

आणि ओझरची जागा नकाशावर बघा. दारातून मुंबई-आग्रा महामार्ग. वर पिंपळगाव बसवंत आणि लासलगावचा कांदा, दोन्ही अंगाला निफाड-दिंडोरीची द्राक्षं, खाली सातपूर-अंबडच्या एमआयडीसी. न्हावा-शेवा बंदर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. गावात विमानतळ, त्याला एचएएल आणि कॉनकॉर यांच्या भागीदारीतलं हॅलकॉनचं कार्गो. २०१८ मध्ये इथून मेंढ्या-बकऱ्या विमानाने शारजाला गेल्या, तेव्हा गावात महिनाभर तोच विषय होता. इथे ट्रान्सपोर्ट चालणार नाही तर कुठे चालणार? २०१९ च्या पावसाळ्यात दहाव्या मैलाजवळ एक गाळा भाड्याने घेतला, एक आयशर काढली आणि बाकी मार्केटच्या गाड्या लावायला सुरुवात केली.

काम मिळालं. हे मुद्दाम सांगतो. कामाची तक्रार मला पाचही वर्षांत करता येणार नाही.

आता हिशोब. आकडे सोपे करून सांगतो, पण बनावट नाहीत. एका कंपनीचा माल, एका फेरीचं भाडं २२ हजार. मार्केटच्या गाडीवाल्याला भरतीच्या वेळीच ८० टक्के ॲडव्हान्स द्यावा लागतो. तो म्हणतो, डिझेल काय तुमच्या नावावर मिळणार आहे का? बरोबरच आहे त्याचं. उरलेलं पोच आली की दहा-बारा दिवसांत. या सगळ्यात मला सुटायचे १२०० रुपये. महिन्याला ६० फेऱ्या धरा. म्हणजे १३ लाख २० हजारांचं भाडं फिरलं आणि माझे ७२ हजार. ऐकायला छान वाटतं.

कंपनीच्या ऑर्डरवर पेमेंट ६० दिवस लिहिलेलं. प्रत्यक्षात ७५. बिल दर महिन्याच्या ठरावीक तारखेलाच घेणार, पोचपावतीवर शिक्का अस्पष्ट असला की परत पाठवणार, मग अकाउंटवाला रजेवर, मग 'पेमेंट रनला लागलंय'. या ७५ दिवसांत माझे तीस-बत्तीस लाख कायम रस्त्यावर. ते माझ्याकडे कुठून येणार? ओळखीच्यांकडून, पतसंस्थेतून, सासऱ्यांकडून, सरासरी दीड टक्का महिना. बत्तीस लाखांवर महिन्याला ४८ हजार व्याज. ७२ मधून ४८ गेले, राहिले २४. त्यात गाळ्याचं भाडं, एक पोरगा, लाइट, फोन.

थांबा, टीडीएस राहिला. ज्याच्याकडे दहा किंवा त्याहून कमी गाड्या आहेत त्याने पॅनसह तसं लिहून दिलं तर वाहतुकीच्या बिलातून टीडीएस कापायचा नाही, असा कायदा आहे. मी लिहून दिलं. अकाउंट खात्याचं उत्तर: "आमच्या सिस्टीममध्ये तो पर्याय नाही." आणि दोन टक्के कापले. दोन टक्के कशावर? माझ्या १२०० वर नाही, पूर्ण २२ हजारांवर. फेरीला ४४० रुपये. महिन्याला २६ हजार ४००. रिटर्न भरल्यावर परत मिळतात, मिळालेही. पण पुढच्या वर्षी. तोवर माझ्या हातात उरलेले २४ हजार आणि कापलेले २६ हजार. म्हणजे ज्या महिन्यात धंदा जोरात, त्या महिन्यात मी जास्त कर्जात. हे गणित कळायला मला दीड वर्ष लागलं. तोपर्यंत मला वाटत होतं, फेऱ्या वाढवल्या की सुटेल.

जुन्या ट्रान्सपोर्टवाल्यांना हे का भोवत नाही, असं कुणी विचारेल. भोवतं, पण कमी. महामार्गावरचा पंपवाला त्यांच्या गाड्यांना पंधरा-वीस दिवस उधारीवर डिझेल घालतो, कारण त्याच्या वडिलांनी यांच्या वडिलांना घातलं होतं. गाडीवालाही त्यांच्याकडे ॲडव्हान्स कमी मागतो. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं नाव हेच त्याचं भांडवल. नव्या माणसाला सगळं रोख. डिझेल रोख, टोल तर फास्टॅगमुळे आधीच भरलेला. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला. रांग कमी झाली, हे खरं. पण पिंपळगाव, घोटी, पडघा, सगळीकडचा पैसा गाडी फिरायच्या आधी खात्यात पाहिजे. फास्टॅगमध्ये ७५ दिवसांची सवलत नसते.

मग बँकेत गेलो. कॅश क्रेडिट मागितलं. मॅनेजर भला माणूस होता, पण तीन वर्षांचे ताळेबंद आणि तारणाला घर किंवा जमीन हवी म्हणाला. बिलं दाखवली. चांगल्या मोठ्या कंपनीवरची, पोचपावत्यांसह. ती त्याने चाळून परत दिली. त्याच आठवड्यात फायनान्स कंपनीचा पोरगा दुसऱ्या गाडीचं कर्ज घ्या म्हणून गाळ्यावर येऊन बसलेला. कागद एकदम कमी. त्याचं कारणही सरळ आहे: हप्ता थकला तर गाडी ओढून नेता येते. बिल ओढून नेता येत नाही. मला गाडी नको होती, खेळतं भांडवल हवं होतं. मिळत होती ती गाडीच. २०२१ मध्ये दुसरी आयशर घेतली. चूक केली. ४१ हजारांचा हप्ता वाढला.

कोविडमध्ये तर मजाच झाली. लहान उद्योगांसाठी सरकारने हमीचं कर्ज आणलं, चांगली योजना होती. पण ते मिळणार २९ फेब्रुवारी २०२० ला जे कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के. माझं बँकेच्या कागदावरचं कर्ज म्हणजे पहिल्या गाडीचे १४ लाख. म्हणून मला २ लाख ८० हजार. खरं कर्ज सासऱ्यांचं होतं, ते कोणत्या कागदावर दाखवणार?

तुम्ही म्हणाल, कायदा आहे की. आहे. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी समाधान पोर्टल आहे. मी उद्यम नोंदणी केलेली होती. तक्रारीचा फॉर्म दोनदा अर्धा भरून बंद केला. कारण तक्रार गेली की दुसऱ्या दिवसापासून आपली गाडी लागत नाही, त्याला तक्रार करावी लागत नाही, फक्त फोन करायचं थांबवावं लागतं. पुढे आयकरातच तरतूद आली, ४३ बी (एच): सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजावटीत धरता येणार नाही. मला आनंद झाला. म्हटलं, आता तरी. मार्च २०२४ मध्ये एका कंपनीच्या अकाउंटवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमची उद्यम नोंदणी रद्द करून त्याचा कागद पाठवता का? म्हणजे तुमचं काम चालू ठेवता येईल."

मी रद्द केली नाही. काम बंद झालं. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. तेव्हा माझ्याकडे गमावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, म्हणून जमलं. दोन वर्षं आधी विचारलं असतं तर केली असती.

बिलं विकून लगेच पैसे मिळावेत म्हणून ट्रेड्स नावाची ऑनलाइन व्यवस्थाही आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालते, कल्पना उत्तम आहे. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी आता बंधनकारक आहे. पण नोंदणी करणं वेगळं आणि तुमचं बिल तिथे मान्य करणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीची सक्ती नाही. लग्नाला आमंत्रण आहे, पंगतीत जागा नाही, तसं.

आता कांद्याचं सांगतो, कारण शटर खरं तिथून खाली यायला लागलं.

पिंपळगावच्या एका निर्यातदाराचा कांदा न्हावा-शेव्याला नेण्याचं काम माझ्याकडे होतं. पेमेंट तीस दिवसांत, कंपन्यांपेक्षा कितीतरी बरं. ७ डिसेंबर २०२३, गुरुवार. संध्याकाळी सहा गाड्या भरल्या, ताडपत्री बांधली, रात्री कसारा उतरल्या. त्याच रात्री केंद्राची अधिसूचना निघाली: ८ डिसेंबरपासून कांदा निर्यात बंद. सकाळी ड्रायव्हरचा फोन. "शेठ, पार्किंगमधे लई गाड्या लागल्यात. आत घेईनात. काय करू?" ज्यांचा माल आधीच कस्टमच्या ताब्यात होता त्यांना सूट होती. आमच्या गाड्या गेटच्या अलीकडे होत्या. सहा तास आधी भरल्या असत्या तर कदाचित गेल्या असत्या.

चार दिवस गाड्या उभ्या. इकडे चांदवडला रास्ता रोको, लिलाव बंद, शेतकरी संतापलेला आणि त्याचा संताप रास्तच. आमच्या गाड्यांचं हाल्टिंग चढतंय. शेवटी माल वाशी मार्केटला नेऊन मिळेल त्या भावात विकला. मी निर्यातदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "माझाच माल पाण्यात गेला, तुम्हाला कुठून देऊ?" तो खोटं बोलत नव्हता. सहा गाड्यांचं भाडं १ लाख १४ हजार, हाल्टिंग ४८ हजार, वाशीपर्यंतचे वरचे २४ हजार. मिळून १ लाख ८६ हजार. गाडीवाल्यांना ते कुणीतरी द्यायचेच होते. बिल्टी माझ्या नावाची होती.

एखादाच असा प्रसंग असता तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण बघा: सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, डिसेंबरला बंदी. मे २०२४ मध्ये बंदी गेली, पण ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. माझी कंपनी जेमतेम पाच वर्षं जगली आणि तेवढ्यात हे एवढं. शहरातल्या माणसाला कांदा परवडावा ही सरकारची अडचण मला कळते, मीही कांदा विकत घेतो. माझं म्हणणं फक्त आदेश 'तात्काळ' असण्याबद्दल आहे. रस्त्यात असलेल्या गाडीला तीन दिवस दिले असते तर देशाचा कांदा संपणार नव्हता.

यावर चर्चा शेतकऱ्याच्या भावाची होते, ती व्हायलाच हवी. पण त्या आदेशाखाली आणखी एक रांग चिरडते: पॅकिंगवाले, हमाल, वाराई घेणारे, गाडीवाले, आणि माझ्यासारखा कालपरवा दुकान मांडलेला. त्याच हिवाळ्यात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपला जाणारी द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. पंधरा-पंधरा दिवस जास्त. माल उशिरा पोचला की पैसे उशिरा, निर्यातदाराला उशिरा म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याला त्याहून उशिरा. येमेनमध्ये कुणीतरी काहीतरी डागतं आणि दहाव्या मैलावरचा गाळा गाळात जातो. (शब्द मुद्दाम नाही वापरला, आपोआप आला.)

रस्त्यांवर लोक फार बोलतात. भिवंडीची कोंडी, वडपे ते ठाणे खड्डे, पावसाळ्यात कसारा. खरं आहे सगळं. पण रस्ते सुधारताहेत. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, कसारा घाट टाळता येतो, तास-दोन तास वाचतात. वाचलेल्या त्या दोन तासांचं काय होतं? गाडी कंपनीच्या गेटवर दोन तास आधी जाऊन उभी राहते. आत घ्यायला दीड दिवस. माझ्या वहीत एका फेरीची नोंद आहे: रस्त्यावर ७ तास, गेटवर ३४ तास. त्या ३४ तासांचे पैसे मागितले तर 'आमच्याकडे हाल्टिंगची पॉलिसी नाही'. मोठ्या कारखान्याने जागा वाचवायची म्हणून गोडाउन लहान ठेवलं, आणि माझी गाडी त्याचं गोडाउन झाली. फुकट.

कुणी म्हणेल, तुला धंदा जमला नाही, आता दोष देत बसलायस. थोडं तसंही असेल. पण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचं बघा. रिव्हिगो, २०१४ ला सुरू झालेली. ड्रायव्हर बदलत बदलत गाडी पुढे न्यायची, म्हणजे प्रत्येकजण रात्री घरी, अशी त्यांची पद्धत. फार सुंदर कल्पना होती. युनिकॉर्न म्हणवली गेली. २०२२ मध्ये तिचा एक्सप्रेस धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सने २२५ कोटींना घेतला. ब्लॅकबकने ॲपवर गाडीला माल मिळवून द्यायचं काम घेऊन सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ ला शेअर बाजारात आली तोवर तिची मुख्य कमाई ट्रकवाल्यांच्या फास्टॅगवर आणि जीपीएसवर होती. म्हणजे गाडीला माल देण्यापेक्षा गाडीवाल्याला टोल भरून देण्यात पैसा आहे.

आणि हे आपल्याकडेच नाही. नैरोबीची सेंडी २०१५ पासून चालली, परदेशी मोठे गुंतवणूकदार होते, २०२३ मध्ये बंद पडली. लागोसच्या कोबो ३६० चं वाचलं तेव्हा मला माझीच वही वाचल्यासारखं झालं: ट्रकवाल्याला पैसे आज, मोठ्या कंपन्यांकडून येणार दोन-तीन महिन्यांनी, मधल्या काळासाठी बँकेकडून कर्ज. त्यांचं बँकेकडून, माझं सासऱ्यांकडून. बाकी गणित तेच.

सरकारने या क्षेत्रासाठी काही केलं नाही असं अजिबात नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये लॉजिस्टिक्सला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला, म्हणजे स्वस्त आणि लांब मुदतीचं कर्ज. कुणाला? गोडाउन असेल तर किमान २५ कोटींची गुंतवणूक आणि एक लाख चौरस फूट. कोल्ड स्टोरेज असेल तर १५ कोटी आणि २० हजार चौरस फूट. कंटेनर डेपो असेल तर ५० कोटी आणि दहा एकर. माझा गाळा १८० चौरस फुटांचा होता. २०२२ ला राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं, २०२४ ला राज्याचं. आमच्याकडे निफाडच्या ड्रायपोर्टची चर्चा कधीपासून ऐकतोय. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल आपल्या देवळालीहून दानापूरला सुटली, भाड्यात निम्मी सबसिडी होती, पुढे बंद पडली. जागतिक बँकेच्या यादीत भारत ४४ वरून २०२३ मध्ये ३८ वर आला. वाहतूक-साठवणुकीचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे असं वर्षानुवर्षं सांगत होते. एनसीएईआरने मोजला तर २०२१-२२ चा ७.८ ते ८.९ टक्के निघाला. चांगली गोष्ट आहे. मला फक्त शंका येते की माझ्या गाडीचे गेटवरचे ३४ तास आणि सासऱ्यांच्या पैशाचं व्याज त्या मोजणीत कुठे बसलं असेल का.

ओझरच्या जुन्या लोकांना वाघाडच्या पाण्याची गोष्ट आठवत असेल. आपण कालव्याच्या टेलला. धरणात पाणी असायचं, कागदावर आपला हक्क असायचा, आणि वरचे पिऊन उरलं तर आपल्याला. बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या लोकांनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घेतलं, तेव्हा टेलला पाणी आलं. धरण काही वाढवलं नव्हतं. पैशाचंही मला तसंच दिसतं. या धंद्यात पैसा आहे, काम आहे, कायदाही आहे, पण सगळं हेडला अडतं. ज्याच्याकडे थांबायची ताकद आहे तो थांबवतो, आणि थांबण्याचा खर्च शेवटच्या, सगळ्यात नव्या माणसाच्या नावावर पडतो. आम्ही आठ-दहा लहान ट्रान्सपोर्टवाल्यांनी एकदा दहाव्या मैलावर बसून ठरवलं होतं की ४५ दिवसांच्या पुढे कुणीच गाडी लावायची नाही. दोन आठवडे टिकलं. तिसऱ्या आठवड्यात एकाने लावली. तो मी होतो. हप्त्याची तारीख होती.

जून २०२४ मध्ये गाळा सोडला. एक गाडी फायनान्सला परत, एक विकली. सासऱ्यांचे अजून चार लाख द्यायचे आहेत, ते विषय काढत नाहीत, हे जास्त लागतं.

आता मी नाशिकच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ऑपरेशन्स बघतो. महिन्याच्या महिन्याला पगार. टेबलाच्या या बाजूला बसल्यापासून एक गोष्ट कळली: पेमेंट लांबवणाऱ्या माणसाला मुळीच वाईट वाटत नाही, कारण त्याला पैसे लांबवायला सांगितलेलं नसतं, त्याला फक्त यादी वरून आलेली असते. ॲटॅच गाड्यांचे मालक मला फोन करतात. मार्केटच्या गाडीला ॲडव्हान्स मिळतो, ॲटॅच गाडीचं सगळं महिन्याच्या बिलावर. "साहेब, आमचं बघा ना." मी म्हणतो, पुढच्या आठवड्यात लागेल. मला माहीत असतं लागणार नाही. ही गोष्ट इथे लिहिली नसती तर वरचं सगळं लिहायचा मला अधिकार नव्हता.

भाच्याला रविवारी यातलं निम्मं-शिम्मं सांगितलं. कुणाकडून किती दिवसांनी पैसे येणार ते लेखी घे, तोवरचं डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार आणि तीन हप्ते हातात ठेव, ताईच्या पाटल्या त्यात धरू नकोस. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, पण मी बाहेर कुठे फिरणारच नाहीये. तुमच्या कंपनीतच गाडी ॲटॅच करतो ना. तुम्ही आहात तिथे."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुमच्याकडे पेमेंट किती दिवसांत होतं?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, साठ लिहिलेलं असतं. पंच्याहत्तर धर.

तो मोबाइलवर हप्ता काढत बसला. गुरुवारी शोरूमला जायचं ठरलंय, मला बरोबर चला म्हणतोय.